जुन्या बार्जला जागा कोण देणार?

नेदरलँड्समध्ये जुन्या मालवाहू बार्जचं काय करायचं, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. कधी एखादा अपघात होतो, कधी एखादी नगरपालिका कालव्याकाठच्या जागांचे नियम बदलते, की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शंभर वर्षांचा गंजका पत्रा तो, डिझेलचा धूर सोडतो, कालवा अडवून बसतो. भंगारात घाला आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, ही देशाची ठेव आहे, एक रिव्हेटही न बदलता जपा. मी रॉटरडॅममध्ये राहते आणि रोज कामाला जाताना अशा दहापंधरा बोटींच्या शेजारून जाते. हा वाद ऐकताना राहून राहून वाटतं, की सगळं भांडण बोटीवरून चाललं आहे आणि तिचं नशीब मात्र भलतीकडेच ठरतं आहे. ती कुठे बांधली जाते, दर काही वर्षांनी पाण्याबाहेर काढायला जवळपास सोय आहे का, आणि ती चालवू शकणारं माणूस शिल्लक आहे का, या तीन गोष्टींवर तिचं जगणं-मरणं ठरतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: बार्ज जपायची तर ती चालती ठेवावी लागेल, आणि चालती ठेवायची तर शहराने धक्क्यावरची जागा देताना ‘ही बोट स्वतःच्या बळावर इथून निघू शकते का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. संग्रहालय, घर, मालवाहतूक, शाळा, हे सगळं त्यानंतर.

‘जशी होती तशी जपा’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. जशी होती म्हणजे कधी होती तशी? १६३२ साली अ‍ॅमस्टरडॅम आणि हार्लेम या शहरांमध्ये मुद्दाम खणलेल्या सरळ कालव्यातून घोड्याने ओढायच्या प्रवासी बोटी सुरू झाल्या. त्यांना ट्रेकस्खाउट म्हणत. काठावरच्या वाटेने घोडा चालायचा, त्याच्या मागे लांब दोर आणि दोराला बोट. वेग ताशी सातेक किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. पण ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि बोट सुटायची, प्रवासी भरोत न भरोत. वारा पडला, चिखल झाला, तरी माणूस केव्हा पोहोचणार हे सांगता येत होतं, आणि सतराव्या शतकातल्या युरोपात ही सुविधा फार थोड्यांना होती. पुढच्या तीसपस्तीस वर्षांत अशा कालव्यांचं जाळं हॉलंडभर पसरलं. वाटेत हाल्फवेख नावाच्या गावी मधे बांध असल्याने प्रवाशांनी उतरायचं, चार पावलं चालायचं आणि पलीकडच्या दुसऱ्या बोटीत बसायचं. बोट बांध ओलांडत नसे, माणसं ओलांडत. २०० वर्षं हे असं चाललं. मग १८३९ च्या सप्टेंबरमध्ये देशातली पहिली आगगाडी धावली, तीही अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम, त्याच कालव्याच्या बाजूने. ट्रेकस्खाउट त्यानंतर हळूहळू संपली. तिची आठवण म्हणून कुठेकुठे कालव्याच्या वळणावर उभे खांब अजून दिसतात. दोर वळणावर काठाला घासू नये म्हणून हे खांब फिरते केलेले असत. संग्रहालयातल्या चकचकीत नमुन्यापेक्षा मला असा एक झिजलेला खांब जास्त सांगून जातो.

मालवाहू बोटींची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि माझा युक्तिवाद मुख्यतः तिच्यावर उभा आहे. त्याल्क हे या बोटींमधलं सगळ्यात ओळखीचं नाव. सपाट तळ, गोलसर पोट, दोन्ही कुशींना मोठ्या पंखासारख्या लाकडी फळ्या. या फळ्या खाली सोडल्या की सपाट तळाची बोटही वाऱ्याने आडवी वाहवत जात नाही. डोलकाठी पाडता येते, कारण वाटेत पूल. फ्रिसलंड प्रांतातली तिची चपळ, अरुंद बहीण म्हणजे स्कूत्शे. या बोटींनी काय वाहिलं? दलदलीतून कापून वाळवलेलं पीट शहरांकडे नेलं. हॉलंडच्या वैभवाच्या काळात चुली आणि भट्ट्या त्यावरच जळत होत्या. परतीच्या खेपेला ग्रोनिंगन शहरातला कचरा आणि मैला भरला आणि पीट काढून उघड्या पडलेल्या जमिनींवर खत म्हणून नेऊन टाकला. बटाटे, बीट, वाळू, विटा, शेणखत, सगळं. पाठीमागे टीचभर खोलीत तांडेल, त्याची बायको आणि पोरं. वारा पडला की बायको छातीवर पट्टा घेऊन काठावरून बोट ओढायची. विसाव्या शतकातही हे चालत होतं, त्याची छायाचित्रं आहेत. जी माणसं ‘बोटींचा रम्य काळ’ म्हणून हळहळतात त्यांनी ती छायाचित्रं जरा निरखून पाहावीत. घोडा परवडत नव्हता, म्हणून ती बाई घोड्याच्या जागी होती.

आता या एकाच बोटीचं आयुष्य धरून पुढे चला. समजा १९०० च्या सुमारास ती लोखंडी पत्र्याची, शिडाची म्हणून बांधली गेली. पंचवीसेक वर्षांनी मागून ढकलायला एक लहानशी मोटरबोट आली, कारण इंजिन बसवण्यापेक्षा ते स्वस्त होतं. मग पोटात इंजिन आलं, डोलकाठी उतरली, शिडं विकली गेली. माल वाढला तेव्हा तिला मधोमध कापलं, चारपाच मीटरचा नवा तुकडा घातला आणि परत जोडलं. हे अपवादाने नाही, सर्रास व्हायचं. १९६० नंतर लहान बोटींना माल मिळेना. कुणा विद्यार्थ्याने ती भंगाराच्या भावात घेतली, माल ठेवायच्या पोकळीत खिडक्या पाडल्या आणि राहायला लागला. पुढे कुणी हौशी माणसाने तिला पुन्हा डोलकाठी उभारली. यातलं खरं रूप कुठलं? पत्रा कापून लांबवलेली बोट ‘बिघडलेली’ आणि शिडाची तेवढी ‘अस्सल’, हे कुणी ठरवलं? तिच्या मालकांनी तिला कधीच एका रूपात राहू दिलं नाही, आणि म्हणूनच ती शंभर वर्षं टिकली. जिला नवं काम मिळालं नाही ती वितळवली गेली.

कामं कधी अशीही आली, जी कुणी मागितली नव्हती. १९४० साली इंग्लंडवर स्वारी करायच्या तयारीत जर्मन सैन्याने युरोपभरच्या नद्या-कालव्यांतून बार्ज गोळा केल्या. एकट्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधून सुमारे १२००. त्यांची नाकं कापून रणगाडे उतरवायला उतार बसवले, तळात काँक्रीट ओतलं. स्वारी झालीच नाही. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत अन्न पोहोचवायला याच बोटी कामी आल्या, तोवर थंडीने कालवे गोठले आणि तीही वाट बंद झाली. आणि १ फेब्रुवारी १९५३ ची पहाट. समुद्राच्या उधाणाने नैऋत्य नेदरलँड्सचे बांध फुटले होते. त्या पुरात १८३६ माणसं गेली. रॉटरडॅमच्या ईशान्येला न्यूवरकेर्क गावाजवळ हॉलंडसे आयसेल नदीच्या बांधाला खिंडार पडलं. त्या बांधामागे देशातला सगळ्यात दाट वस्तीचा, समुद्रसपाटीखालचा प्रदेश होता. महापौरांनी आरी एव्हेग्रून नावाच्या तांडेलाला त्याची ‘द ट्वे गेब्रूडर्स’, म्हणजे ‘दोघे भाऊ’, ही बोट त्या भगदाडात घालायला सांगितली. त्याने ती बांधाला समांतर आणली, पाण्याच्या ओढीने ती खिंडारावर जाऊन दारासारखी बसली, आणि मागून माणसांनी वाळूची पोती रचली. बांध टिकला. त्या जागी आज स्मारक आहे. हा प्रसंग डच शाळांमध्ये धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते: बोट जवळ होती, तिचं इंजिन चालू होत होतं आणि ती हाताळणारा माणूस तिच्यावर होता.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत, आणि त्यातला पहिला तर मला झोपू देत नाही. जुन्या शिडाच्या मालबोटी आज मोठ्या प्रमाणात पर्यटक आणि शाळेच्या सहली घेऊन फिरतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हार्लिंगन बंदराजवळ अशाच एका बोटीची डोलकाठी मोडून पडली आणि तीन जर्मन पाहुण्यांचा जीव गेला. लाकूड आतून कुजलं होतं. २०२२ मध्ये वाडन समुद्रावर दुसऱ्या एका बोटीच्या शिडाखालचा दांडा तुटून पडला आणि शाळेच्या सहलीला आलेली १२ वर्षांची मुलगी गेली. ‘परंपरा’ हा शब्द इथे तोंडातून काढायचीही लाज वाटावी. जे म्हणतात की जुनं लाकूड आणि पैसे देऊन आलेलं अनोळखी लेकरू यांना एकत्र आणू नका, त्यांना उत्तर देताना ‘शेकडो फेऱ्या सुखरूप होतात’ असं म्हणणं पुरेसं नाही. तपासण्या कडक झाल्याच पाहिजेत आणि ज्या मालकाला त्या परवडत नाहीत त्याने माणसं नेऊ नयेत. पण यातून ‘म्हणून बोटी भंगारात’ हे कसं निघतं? बोट जुनी असणं हा या मृत्यूंमागचा दोष नव्हता. कुजलेली डोलकाठी वेळेवर कुणी उघडून पाहिली नाही, हा होता. आणि तपासणीचा खर्च मालकाला जड जातो त्याचं एक कारण असं, की दुरुस्तीच्या जागा आणि त्या कामातले कारागीर कमी कमी होत चालले आहेत. बोटी कमी करा म्हणजे ते आणखी कमी होतील, आणि उरलेल्या बोटी आणखी धोकादायक.

दुसरा मुद्दा पर्यावरणवाल्यांचा. ते म्हणतात, भंगार म्हणजे नासाडी नव्हे. पोलाद वितळतं, नवं होतं. शिवाय जुनं डिझेल इंजिन म्हणजे विष. दोन्ही खरं आहे. पण वितळलेल्या पोलादातून परत काय बनतं? ऱ्हाइनवर आज जी मोठी मालजहाजं चालतात ती ११० मीटर लांब आणि ११ मीटरहून जास्त रुंद असतात. त्या तुलनेत जुनी स्पिट्स जातीची बार्ज ३८.५ मीटर लांब आणि जेमतेम ५ मीटर रुंद. फ्रान्समध्ये १८७९ साली फ्रेसिने या मंत्र्याने कालव्यांचं जे एकच माप ठरवलं, त्या मापाच्या लॉकगेटांत, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली करणाऱ्या दारबंद टाक्यांत, बरोबर बसणारी. अशी लहान बोट आता जवळजवळ कुणी नव्याने बांधत नाही, कारण लहान बोटीला माणसं लागतात जवळपास तेवढीच आणि माल येतो कितीतरी कमी. म्हणजे लहान बोट वितळवली की ती गेली, आणि तिच्याबरोबर ज्या अरुंद कालव्यांत फक्त तीच जाऊ शकत होती ते कालवेही मालासाठी बंद झाले. अशी एक स्पिट्स तीनेकशे टन माल घेते, म्हणजे डझनभर अवजड ट्रक रस्त्यावरून कमी होतात. इंजिन बदलता येतं. बोटीचं माप नव्याने जन्माला घालता येत नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर उट्रेख्तला जाऊन या. तिथल्या जुन्या कालव्याच्या काठी रस्त्याखाली तळघरं आहेत, त्यांची दारं थेट पाण्याच्या पातळीवरच्या धक्क्यावर उघडतात. त्या तळघरांतल्या हॉटेलांना बिअरची पिंपं आणि किराणा पोहोचवायला नगरपालिकेची बोट १९९६ पासून फिरते. २०१० पासून ती विजेवर चालते. बोटीवरच छोटी क्रेन. ही बोट जुनी नाही, हे मान्य. पण तिने सिद्ध केलं आहे की मध्ययुगीन कालव्यातून एकविसाव्या शतकातला माल नेता येतो. अ‍ॅमस्टरडॅमला याची गरज किती आहे पाहा. तिथे सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या कालव्याच्या भिंती आणि शेकडो पूल तपासून दुरुस्त करायचे आहेत. घोडागाडीच्या काळात बांधलेल्या भिंतींवरून वर्षानुवर्षं काँक्रीटचे ट्रक गेले, आणि १ सप्टेंबर २०२० ला ग्रिमबुर्गवालची भिंत कोसळून कालव्यात पडली. आता अवजड ट्रकांना मध्यवस्तीत बंदी आहे. मग विटा, माती, राडारोडा नेणार कशातून? ज्या बोटींनी हे शहर बांधायला विटा आणल्या त्यांचीच मापं पुन्हा कामाची ठरताहेत, आणि आपण त्या सुंदर की कुरूप यावर वाद घालत बसलो आहोत.

तिसरा मुद्दा घरांचा, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. युद्धानंतर घरं नव्हती, बोटी रिकाम्या पडत होत्या. माणसं त्यात राहायला गेली म्हणून शेकडो बोटी वाचल्या. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आज सुमारे अडीच हजार हाउसबोट आहेत. प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरची ‘हेंड्रिका मारिया’ ही १९१४ ची बोट अशा घरांचं छोटंसं संग्रहालय म्हणून पाहता येते. सिंगेल कालव्यावर भटक्या मांजरांचं अनाथालय आहे. १९६८ साली एका बाईंनी घरात मांजरं मावेनात म्हणून जुनी मालबोट विकत घेतली, तिथून त्याची सुरुवात झाली. अशा उपयोगांविषयी मला प्रेमच आहे. पण पुढे काय झालं तेही पाहू या. नवे परवाने जवळजवळ मिळेनासे झाले, आणि जागा बोटीबरोबर विकली जाऊ लागली. आज जागेसकट असलेल्या बोटीची किंमत बिनजागेच्या तशाच बोटीपेक्षा कितीतरी पट असते. म्हणजे विकत घेतलं जातं ते पाणी. बोट त्याच्यावरचा बहाणा. अशा मालकाने इंजिन कशाला सांभाळायचं? इंजिनाच्या खोलीत बाथरूम करा, वर आणखी एक मजला चढवा, गॅस, पाणी, सांडपाण्याचे नळ पक्के जोडून टाका. वीस वर्षांनी ती बोट तिथून हलवता येत नाही आणि हलवायची कुणाला इच्छाही उरत नाही. कालवा बुजला, दिसत नाही, अशी तक्रार करणारे रहिवासी चूक नाहीत. पण बोट काढून टाकायची त्यांची मागणीही फसवी आहे, कारण त्या जागी लगेच बोटीच्या आकाराचा नवा कोरा फ्लॅट तरंगायला लागेल.

जी बोट खरोखर थकली तिचं काय? तिचाही उपयोग आहे, आणि तो प्रामाणिकपणे करता येतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तर भागात जहाजदुरुस्तीच्या एका जुन्या गोदीची जमीन तेल आणि जड धातूंनी नासली होती. तिथे २०१४ साली ‘द सोव्हेल’ नावाची वसाहत उभी राहिली. पाण्यावरून निवृत्त झालेल्या हाउसबोट जमिनीवर आणून ठेवल्या, त्यांत कलाकारांची आणि छोट्या उद्योगांची कामाची ठिकाणं केली, मधून जमिनीपासून उंचावर लाकडी पायवाट नेली आणि खाली माती स्वच्छ करणारी झाडं लावली. इथे कुणी ‘ही अजून बोट आहे’ असा आव आणत नाही. तरंगू न शकणारी बोट जमिनीवर घ्या, आणि पाण्यावरची जागा तरंगून चालू शकणारीला द्या, एवढं साधं गणित त्यात आहे.

गोव्यातल्या वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि मांडवी-जुवारीत खनिज नेणाऱ्या बार्ज रांगेने उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी भंगारात गेल्या. तिथेही चर्चा झाली ती खाणींची आणि कर्जांची. नदी, जेटी आणि बार्जवरचे खलाशी यांचा वेगळा विचार कुणी केला? खाणीवाचूनही त्या नद्यांतून माल जाऊ शकतो, हे वाक्य म्हणायलाही बोटी शिल्लक असाव्या लागतात.

तर मग नियम कसा असावा? नवीन काही शोधायला नको. रॉटरडॅमचं आउडे हाफन बंदर आहे, तिथे जागा हवी तर बोट ऐतिहासिक असावी लागते आणि मालकाला तिचं रूप राखावं लागतं. माणसं तिच्यावर राहतात, संसार करतात, पण बोट बोटच राहते. मी तिथे एक अट आणखी कडक करेन आणि ती सगळ्या शहरांना लावेन: वर्षातून एकदा बोट स्वतःच्या इंजिनाने किंवा शिडाने धक्का सोडून जाऊन परत यावी. जी येईल तिला जागा स्वस्त, जी हलत नाही तिला घराच्या दराने. तिच्या पोटात घर असो, नाटकाचा मंच असो की विटा, ते मालकाने ठरवावं. फ्रिसलंडमध्ये १९४५ पासून स्कूत्शेंच्या ज्या शर्यती एका संस्थेतर्फे होतात, त्यांत सुकाणूवर बसायला माणूस तांडेलांच्या घराण्यातलाच लागतो. ही अट मला फार अरुंद वाटते, पण तिच्यामुळे शेणखत वाहिलेल्या बोटी आजही भर वाऱ्यात कलत्या होऊन धावतात आणि ते कसब बापाकडून पोरांकडे जातं. कसब हवं असेल तर बोटी धावायला हव्यात.

आउडे हाफन बंदरालाच लागून बोटी पाण्याबाहेर ओढायचा एक उतार आहे. गेल्या वसंतात एक ओळखीची बाई तिची १९०८ ची त्याल्क तिथे वर घेणार होती, म्हणून मी सुट्टी काढून गेले. तळ उघडा पडला तेव्हा शिंपल्यांचा आणि जुन्या डांबराचा उग्र वास आला. पाण्याच्या फवाऱ्याने शेवाळ उडवलं आणि खालून रिव्हेटच्या रांगा दिसू लागल्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. तपासनीस गुडघ्यांवर बसला, पत्र्यावर हातभर अंतराने ध्वनिलहरींचं यंत्र टेकवत गेला आणि प्रत्येक ठिकाणी खडूने आकडा लिहीत गेला. पाच पूर्णांक एक. चार आठ. पाच. विम्यासाठी साधारण चार मिलिमीटर लागतात. एका जागी तीन दोन निघाले, तिथे त्याने चौकोन आखला. तेवढा पत्रा नवा घालायचा. दीड तासाने तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, ‘बुड चांगलं आहे, अजून वीस वर्षं काही नाही होत.’ तिने मान हलवली आणि फोनवर मला एक पत्र दाखवलं. ती जिथे बोट बांधते त्या गावाच्या नगरपालिकेचं होतं. तिची जागा तात्पुरती होती, आणि तिची मुदत ऑक्टोबरअखेर संपत होती.